दुसऱ्या बोटीआधी

प्रिय पोरा,

परवा जेटीवर तू विचारलंस, "काका, दुसऱ्या बोटीसाठी व्यापारी उचल द्यायला तयार आहे, घेऊ का?" बर्फाच्या गाडीची घाई चालली होती, मी नुसतं "नको" म्हटलं आणि तुझा चेहरा उतरला. ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

उचल घेऊ नकोस. व्याज नाही म्हणतो ना तो? ते दरात कापून घेतो. ज्याचे पैसे तुझ्या बोटीत, त्यालाच तुझा मासा. लिलावात दुसऱ्याने किलोमागे कितीही जास्त पुकारू दे, तुझी टोपली त्याच्याच काट्यावर जाणार. मला हे कळत नव्हतं असं नाही. मला सहा सिलिंडरची बोट हवी होती, म्हणून मीही उचल घेतली.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी पापलेट आलंच नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसेसुद्धा निघेनात आणि उचल तशीच अंगावर. मग मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं घरी ठेवलं आणि बारीक आसाचं सोडलं. त्या दिवशीची टोपली अजून डोळ्यांसमोर आहे. तुझ्या पेनाहून आखूड पापलेटं, अंगावरची चांदी तशीच, शेकडो. आईने त्यातलं एक उचललं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं. बोलली काही नाही. ती पापलेटं वाढली असती तर त्यातल्या मोजक्यांनीच अख्ख्या टोपलीचे पैसे दिले असते.

2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याची किमान लांबी 135 मिलिमीटर ठरली. चांगलंच झालं. पण उचल डोक्यावर असलेला माणूस लांबी मोजत नाही, हप्ता मोजतो. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की बोट वर ओढता येते, उचल ओढता येत नाही. म्हणून बंदी उठली की दर्या खवळलेला असला तरी माणसं निघतात.

तू म्हणशील, मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे पर्ससीनवाले आणि दिव्यांच्या झोताने मासे गोळा करणारे एलईडीवाले ओरबाडून नेतात, आम्हीच का सोडायचं? नेतात, खरं आहे. 2016 चा पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश, 2017 ची एलईडीबंदी, यांसाठी आपली माणसं मोर्चात चालली, मीही चाललो. ते भांडण सोडायचं नाहीच. पण त्यांच्या रागापायी तू व्यापाऱ्याच्या दावणीला का बांधून घेतोस?

पैसा लागतो, मान्य. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारालाही मिळतं, आपली मच्छीमार सोसायटी आहे. कागदांना वेळ लागेल, खेपा होतील. लागू दे. बँक तुझ्या माशाचा भाव ठरवत नाही.

गावात म्हणतात, काकाने बोट विकून उचल फेडली, भ्याला, म्हणूनच मुलगा बोईसरच्या कारखान्यात गेला. जाऊ दे म्हणायला. बोट राहिली असती तर मुलाच्या वाट्याला बोट नाही, माझी उचल आली असती. लहान बोटीवर मी पुढची सगळी वर्षं स्वतःचा मासा स्वतः विकला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्या टोपलीचा.

रविवारी घरी ये. गेल्या हंगामातल्या प्रत्येक फेरीचं डिझेल, बर्फ आणि मिळालेला दर वहीत लिहून आण, आठवेल तेवढं तरी. दुसरी बोट परवडते का ते आपण मांडून बघू. तोवर त्याला हो म्हणू नकोस.

तुझा,
काका