आखाजीचा अल्बम: त्यासाठी एफडी मोडावी का?

भुसावळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेकीच्या जन्मापासून त्यांनी आधी मोबाइलवर, मग कॉम्प्युटरवर हौसेनं डिजिटल स्क्रॅपबुकची, म्हणजे फोटो, सजावट आणि आठवणींचा मजकूर एकत्र मांडलेली, १६० पानं तयार केली आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही नणंदा माहेरी येतील आणि त्याच सुमारास सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. सगळी पानं १२ बाय १२ इंचांत छापून चार प्रती करायच्या आहेत: स्वतःला एक, सासू-सासऱ्यांना एक, नणंदांना दोन. ऑनलाइन कंपनीनं प्रतीला १६,००० म्हणजे एकूण ६४,००० रुपये सांगितलेत. जळगावचा लॅबवाला १२ बाय २४ च्या एका शीटचे २०० आणि कव्हर-पेटीचे १,५०० घेतो. यजमान रेल्वेत आहेत. एक लाखाची तीन वर्षांची एफडी आहे, तिचे २२ महिने झालेत. ती मोडावी, की कार्डावर हप्ते करावेत?

ताई, दोन्ही नको. छापा मात्र जरूर.

मुदतीआधी एफडी मोडली की जितके महिने पैसे राहिले तेवढ्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. तुमचं नुकसान दोन-अडीच हजारांच्या आसपास होईल, त्यानं आभाळ कोसळणार नाही. मला खटकतं ते दुसरंच. तुमच्या पत्रात ही एकच ठेव दिसते, आणि घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आहेत. रात्री-बेरात्री दवाखान्यात ॲडव्हान्स भरायची वेळ आली तर हाच पैसा हाताशी लागेल. कार्डाचं म्हणाल, तर वर्षाला १५ टक्के दरानं बारा हप्ते धरले तरी ६४,००० वर सुमारे ५,३०० रुपये व्याज होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. हौसेच्या वस्तूवर व्याज भरायचं नाही, हा माझा जुना हट्ट आहे.

आता आकडाच खाली आणू.

तुम्ही नमुन्याला पाठवलेली पानं पाहिली. शेतातल्या भरीत पार्टीचं पान सुरेख जमलंय: पऱ्हाटीच्या जाळावर वांगी, धुरानं डोळे चोळणारे सासरे, कोपऱ्यात अहिराणीतली एक ओळ. ते मोठंच छापा. पण सुरुवातीच्या वर्षांतली, मोबाइल ॲपवर केलेली पानं जेमतेम १,२०० पिक्सेलची आहेत. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे बारा इंचांना ३,६०० बाय ३,६०० ची फाईल. जुनी पानं त्या मापाला ताणलीत तर चेहरे धुरकट येतील आणि पैसे पूर्ण जातील. अशी चार-चार पानं एका पानावर सहा इंचांत बसवा. इंचाला २०० पिक्सेल मिळतात, घरच्या अल्बमला चालतं. मजकूर बारीक होईल, तो पुन्हा टाइप करावा लागेल. कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या देवीच्या) स्थापनेची दर वर्षीची पानं आहेत, त्यांतली दोन पुरेत. (सासूबाईंना विचारू नका, त्या एकही काढू देणार नाहीत.) असं गाळत गेलात की ६० पानं उरतील.

आणि सासू-सासरे तुमच्याच घरात राहतात, मग दोन मोठ्या प्रती कशाला? घरात एक: समोरासमोरची दोन पानं एका शीटवर, म्हणजे ३० शीट, ६,००० आणि कव्हर-पेटीसह ७,५००. नणंदांना त्यांची, त्यांच्या लेकरांची पानं निवडून प्रत्येकी दहा शीटचा अल्बम, ३,५०० चा एक. सगळे मिळून १४,५००. दरात जीएसटी धरलाय का ते विचारून घ्या.

हे पैसे यजमानांच्या बोनसमधून निघतात. दसऱ्याच्या सुमारास रेल्वेच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांना गेली काही वर्षं ७८ दिवसांचा, जास्तीत जास्त १७,९५१ रुपयांचा बोनस मिळतोय. यंदाचा आधीच कशाला लावून ठेवला असेल, तर आजपासून दरमहा २,००० ची आरडी सुरू करा. आठ महिन्यांत १६,००० होतात.

पूर्ण ऑर्डर देण्याआधी १२ बाय ३६ चा एक प्रिंट काढून घ्या. त्यावर तीन पानं मावतात: एक गडद रंगांचं, एक चेहऱ्यांचं, एक भरपूर मजकुराचं. स्क्रीनवर उजळ दिसणारं पान कागदावर काळवंडतं, ते शंभर-दोनशे रुपयांत कळलेलं बरं. कडेला तीन मिलिमीटर कापले जातात, तिथे अक्षर ठेवू नका. मूळ फाईल न देता जेपीजी किंवा पीडीएफ द्या, नाहीतर फॉन्ट बदलून जोडाक्षरं तुटतात. ती पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत तर दर्जा घसरतो. तोच पेनड्राइव्ह मग कपाटात ठेवा आणि एक प्रत क्लाउडवर चढवा. १६० पानं एकाच जुन्या लॅपटॉपवर आहेत, याची काळजी मला एफडीपेक्षा जास्त वाटते.

ऑर्डर पौषात द्या. लग्नं नसल्यामुळे लॅबवाला मोकळा असतो, चुकलेलं शीट पुन्हा काढून द्यायला कुरकुर करत नाही, आणि तीन अल्बम एकदम देताय म्हटल्यावर शीटमागे दहा-वीस रुपये सोडायलाही तेव्हाच तयार होईल.