‘ताई, मी उगाच बाऊ करतेय का?’

नवऱ्याच्या मारहाणीतून आलेली बाई हा प्रश्न हमखास विचारते. ‘छे, बाऊ कसला!’ असं म्हणून धीर द्यावासा वाटतो, पण मी ते टाळते. समुपदेशकाने दिलेलं उत्तर घरी पोचेपर्यंत विरतं. तिचं तिला सापडलेलं उत्तर मात्र टिकतं, हे माझं ठाम मत.

वसुधा (नाव बदललंय) म्हणाली, “वर्षातून चार-दोनदा होतं. वाढलंय वगैरे काही नाही.”

मी गेल्या वर्षाचं कॅलेंडर तिच्यापुढे सरकवलं. “आठवतील त्या तारखांवर आकडा टाका. चापट, धक्का असेल तर एक. वळ उठले तर दोन. हाड मोडेपर्यंत मारलं तर तीन.”

ही युक्ती माझी नव्हे. नर्सिंगच्या संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५ साली धोका ओळखण्याची प्रश्नावली केली, तिच्यातलं हे कॅलेंडर. सुरुवातीला ‘मार वाढलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी ३८ टक्के बायकांनी ते भरल्यावर उत्तर बदललं होतं.

वसुधाने पेन्सिल उचलली. आधीच्या पानांवर तुरळक एक. धाकट्याच्या वाढदिवशी एक लिहिला, खोडला, दोन केला. शेवटच्या दोन पानांवर मात्र हात थांबेना. मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते मला जमतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “हे तर आठवड्याआड आहे, ताई. आणि आकडेही चढत गेलेत.”

“कधी गळा दाबला?”

“एकदा. पण वळसुद्धा उठला नव्हता.”

वळ नसण्यावर जाऊ नये. गळा दाबल्याच्या ३०० पोलीस प्रकरणांच्या एका अमेरिकी अभ्यासात निम्म्या बायकांच्या अंगावर दिसेल अशी खूणच नव्हती. आणि जोडीदाराने एकदा गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ‘मारतो का?’ एवढंच विचारलं तर ही गोष्ट बाहेर येत नाही. म्हणून आमच्या केंद्रात हा प्रश्न पहिल्याच भेटीत, बाईला एकटीला बसवून, वेगळा विचारला जातो. तो मी हट्टाने आणला. उत्तर ‘हो’ आलं की आधी डॉक्टर. आवाज बसला असेल किंवा गिळताना दुखत असेल तर लगेच.

भरलेलं कॅलेंडर घरी न्यायचं नाही; ते नवऱ्याच्या हाती लागलं तर जिवावर बेतेल. आणि ‘आजच घर सोड’ असंही कुणी सांगू नये. वेगळं होण्याचा काळच सर्वात धोक्याचा, हेही संशोधनातूनच कळलेलं. वसुधाच्या पुढच्या भेटी सुखरूप बाहेर पडण्याच्या तयारीतच गेल्या: कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, मुलांना शाळेतून कोण आणणार, आणि तो घरी नसतो तो वार कोणता.