स्पर्शोपचाराच्या पहिल्या सेशनला जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

तुम्ही लिहिले आहे की बँकेत दिवसभर संगणकासमोर बसून वर्षभरापासून मान आणि उजवा खांदा आखडला आहे, बहिणीच्या आग्रहावरून कोल्हापुरातच बॉडीवर्क, म्हणजे हातांनी अंगावर उपचार, करणाऱ्या एका थेरपिस्टची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे, आणि आता कपडे कोणते घालावेत, जेवून जावे की उपाशी, परक्या व्यक्तीचा हात लागल्यावर अवघडल्यासारखे झाले तर काय करावे, याची काळजी लागून राहिली आहे. मी याच शहरात फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग हातांनी स्नायू मोकळे करण्याचा आहे. कपड्यांचे आणि जेवणाचे उत्तर सोपे आहे, ते पुढे देतेच. पण ज्या तयारीवर सेशनचा गुण सर्वाधिक अवलंबून असतो ती तयारी बोलण्याची आहे, आणि तीच बहुतेक जणी करून येत नाहीत.

आपल्याकडे मालिश म्हटले की गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीत अंग रगडून घेणारा मल्ल डोळ्यांसमोर येतो, आणि जेवढे दुखेल तेवढा गुण येईल ही समजूत तालमीची पायरी कधी न चढलेल्या घरांतही पक्की बसलेली आहे. पैलवानाला ती रगड मानवते, कारण त्याचे शरीर रोजच्या मेहनतीने तयार झालेले असते आणि रगडणाऱ्याला त्याचे अंग ओळखीचे असते. खुर्चीत बसून आखडलेल्या मानेवर पहिल्याच दिवशी तेवढा जोर दिला, तर स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी आणखी आवळतो. त्यात दुखले तरी ‘काही नाही, चालेल’ म्हणण्याची आपल्या बायकांची सवय भर घालते. टेबलावर झोपल्यावर हे ‘चालेल’ फार महागात पडते, म्हणून ते घरी ठेवून जा, अशी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे.

जाण्याआधी एक फोन करा आणि थेरपिस्ट नेमके काय करणार आहेत ते विचारा. ‘थेरप्युटिक टच’ या नावाची एक पद्धत अमेरिकेत १९७२ मध्ये डोलोरेस क्रीगर आणि डोरा कुन्झ यांनी सुरू केली. तीत हात बहुधा अंगाला न लावता काही इंच अंतरावरून फिरवून शरीराचे ‘ऊर्जाक्षेत्र’ सुधारण्याचा दावा असतो. हा दावा एमिली रोझा या शाळकरी मुलीने तपासला आणि तिचा प्रयोग १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पडद्याआड बसलेल्या २१ उपचारकांनी, मुलीचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच ओळखायचे होते. २८० पैकी १२३ वेळाच त्यांचे उत्तर बरोबर आले. निव्वळ अंदाजाने सांगितले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. तसे सेशन घेऊन कोणाला शांत वाटत असेल तर माझी हरकत नाही, पण आखडलेल्या खांद्यासाठी पैसे मोजायचे असतील तर प्रत्यक्ष हात लावून स्नायूंवर काम करणारी व्यक्ती निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच फोनवर शिक्षणही विचारा. फिजिओथेरपिस्ट असतील तर राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. इतर थेरपिस्ट असतील तर कुठे आणि किती काळ शिकल्या, मानेच्या रुग्णांवर काम केले आहे का, हे विचारावे. या प्रश्नांनी जी व्यक्ती दुखावते, तिच्याकडे जाऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद. घरी निवांत बसून आपली प्रकृती एका कागदावर लिहून काढा, कारण तिथे गेल्यावर निम्मे विसरायला होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खोल दाबाने काळे-निळे डाग पडतात, म्हणून ते लिहा. मधुमेहामुळे हातापायांच्या संवेदना कमी झाल्या असतील तर दाब किंवा शेक जास्त होत असल्याचे तुम्हालाच कळणार नाही, म्हणून ते लिहा. रक्तदाब, ठिसूळ हाडे, जुना अपघात, शस्त्रक्रिया, गर्भारपण, कर्करोगाचे उपचार, त्वचेचे विकार, तेलाची ॲलर्जी, हे सगळे त्यात यावे. एका पायाची पोटरी अचानक सुजली असेल, गरम लागत असेल आणि दुखत असेल तर आधी दवाखाना गाठा, कारण शिरेत रक्ताची गुठळी असेल तर मालिश धोक्याचे ठरते. ताप असेल त्या दिवशी वेळ सरळ पुढे ढकला.

तुमच्या दुखण्याबद्दलही दोन गोष्टी तपासून घ्या. खांद्यातली कळ हातात उतरून बोटांना मुंग्या येत असतील, पकड ढिली पडून हातातली वस्तू निसटत असेल, किंवा जिना चढताना छातीत दाटून हात भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक आहे. हृदयाचे दुखणे डाव्याच हातात जाणवते असे नाही. आणि कोणी मान धरून झटक्याने कटकन मोडू लागले, तर तिथेच थांबवा. सलूनमध्ये सर्रास चालणारा हा प्रकार मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा करू शकतो.

जेवणाचे म्हणाल तर हलके खाऊन दीड-दोन तासांनी जावे. भरल्या पोटी पालथे झोपवत नाही आणि अगदी उपाशीपोटी उठताना चक्कर येऊ शकते. रविवारची वेळ घेतली असेल तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण त्या दिवशी रात्रीवर न्या. ढगळ सुती कपडे घाला. साडी नेसून जाणार असाल तर बदलण्यासाठी सैल सलवार आणि पुढून बटणे असलेला कुर्ता सोबत असू द्या. केसांतला क्लिप, गजरा, कानातले आधीच काढून ठेवावे. मंगळसूत्र काढायची इच्छा नसेल तर तसे सांगा, संकोच करू नका. मी ते एका बाजूला सरकवून त्यावर लहान टॉवेल घालते, म्हणजे मणी रुतत नाहीत आणि तेलही लागत नाही.

चांगली थेरपिस्ट लगेच टेबलावर झोपवणार नाही. ती आधी प्रश्न विचारेल, मान दोन्हीकडे वळवून पाहायला सांगेल, हात वर करायला लावेल. मग ती खोलीबाहेर जाईल आणि तुम्ही कपडे सैल करून चादरीखाली झोपाल. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा राहिला पाहिजे. सुरुवातीला हात सावकाश फिरतो, त्याला शास्त्रीय आधार आहे: त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की ते सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या संथ गतीच्या हलक्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि तो स्पर्श बहुतेकांना सुखावतो. त्यानंतर दाब वाढतो.

मान आणि खांदा यांच्या मधल्या उंचवट्यावर माझा अंगठा टेकला की बहुतेक जणी ‘हां, तिथेच’ म्हणतात. दाब जास्त झाला की मात्र तोंडातून शब्द येण्याआधी पायाची बोटे आत वळतात, श्वास अडतो आणि चादरीची कड मुठीत येते. पालथे झोपल्यावर चेहरा टेबलाला त्यासाठीच ठेवलेल्या भोकात असल्याने तो मला दिसत नाही, म्हणून मी पायांकडे लक्ष ठेवून असते. पण प्रत्येक जण ठेवेलच असे नाही. त्यासाठी शून्य ते दहा असे अंक ठरवून घ्या. पाच-सहापर्यंतचे, श्वास मोकळा राहील असे दुखणे चालते. त्यापुढे गेले की ‘सात झाले, कमी करा’ असे मोठ्याने म्हणा. ‘थांबा’ म्हणण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. छाती, पोट, मांडी, नितंब यांपैकी जिथे हात लागलेला नको असेल ते सुरुवातीलाच सांगा, आणि मानेच्या दुखण्यासाठी तिथे काम का करायचे आहे ते विचारा. बहिणीला खोलीत बसवून घ्यायचे असेल तर तो तुमचा हक्क आहे. कधी कधी खांदा सैल पडता पडता डोळ्यांत पाणी येते. वर्षभर अंग आवळून वावरणाऱ्या माणसाला असे होऊ शकते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. थोडा वेळ थांबायला सांगावे.

संपल्यावर एकदम उठू नका. कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, आणि डोके हलके वाटत असेल तर ते ठीक होईपर्यंत गाडीची किल्ली हातात घेऊ नका. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकते आणि बहुधा एक-दोन दिवसांत थांबते. मालिशमुळे अंगातली ‘विषारी द्रव्ये’ बाहेर पडतात, त्यासाठी तांब्याभर पाणी प्या, असे सांगितले जाते. त्याला आधार नाही, तहान लागेल तेवढे प्यावे. ठणका वाढतच गेला किंवा हाताला बधिरपणा आला तर मात्र डॉक्टरांकडे जा.

पहिल्याच दिवशी दहा सेशनचे पॅकेज घेण्याचा आग्रह झाला तर ते घेऊ नका. हाताने केलेल्या उपचारांनी मानेच्या दुखण्यात काही काळ आराम मिळतो, पण तो टिकायला खुर्ची-संगणकाची उंची बदलणे आणि मानेचे व्यायाम करणे भाग पडते. ते कोणी शिकवत असेल तरच पुढचे पैसे द्यावेत. दोन-तीन दिवस थांबून, गाडी मागे घेताना मान किती वळते आणि रात्री उजव्या कुशीवर झोप लागते का, हे पाहा आणि मगच दुसरी वेळ ठरवा.