पोरं सांभाळायला एमएस लागत नाही

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, सीजीपीए ७.९. गेले १४ महिने चाकणला एका कंपनीत फिक्स्चर (यंत्रावर काम चालू असताना सुटा भाग पक्का धरून ठेवणारी जोडणी) डिझाइनचं काम करते. तिला अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळाला आहे. माझा पुतण्या तिथून वीस मिनिटांवर मेसनला राहतो, त्यामुळे राहण्या-जेवणाचा खर्च नाही. पुतण्या आणि सूनबाई दोघंही नोकरीला जातात, दोन लहान मुलं आहेत. ही घरी असेल तेव्हा त्यांना बघेल, तेवढाच हातभार. विमानांची इंजिनं बनवणारी मोठी कंपनी त्याच शहरात असल्याने नोकरीची काळजी नाही. घरावर ४० लाखांचं कर्ज काढतो आहे. मुलगी म्हणते, अजून एक वर्ष इथेच थांबते. तिची समजूत कशी काढावी?
— एक पालक, कराड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यात मुलीचं म्हणणं कुठे आहे ते शोधत होते. एकच वाक्य सापडलं, आणि नेमकं तेच खोडून काढायला तुम्ही माझी मदत मागताय. मार्कांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते ठीक आहेत. मला खटकला तो 'हातभार'.

जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही ४० लाख उचलून लेकीला शिकायला पाठवताय की पुतण्याची अडचण भागवायला? एमएसचं एक सत्र म्हणजे दर आठवड्याला असाइनमेंट, प्रोजेक्टच्या रात्री नऊ-नऊ वाजता ठरणाऱ्या मीटिंग आणि प्राध्यापकाच्या मागे लागून मिळवायचं लॅबमधलं काम. यात 'घरी असेल तेव्हा' असा वेळच नसतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली एक मुलगी अशीच नातेवाइकांकडे राहायला गेली होती, शहर दुसरं. एकदा तिने मला व्हिडिओ कॉल केला तो गाडीच्या मागच्या सीटवरून. शेजारी चाइल्ड सीटमध्ये बाळ झोपलेलं, मांडीवर लॅपटॉप, वहिनी दुकानात सामान घेतायत आणि ही पार्किंगमध्ये बसून ऑनलाइन क्विझ देतेय. ती तक्रार करत नव्हती. उलट 'इथे वायफाय छान येतं' म्हणून हसत होती. मला मात्र ते हसणं बघवलं नाही.

भावनेचा भाग सोडला तरी कायदा आहेच. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय नाही. राहण्या-जेवणाच्या बदल्यात मुलं सांभाळणं हे मोबदला घेऊन केलेलं काम धरलं जाऊ शकतं. 'घरचंच आहे' हे आपण म्हणतो, व्हिसाच्या नियमांना आपली भावकी कळत नाही.

आता ती वीस मिनिटं. मेसन ते विद्यापीठ हे अंतर पस्तीसेक किलोमीटरचं आहे. म्हणजे साधारण कराड-इस्लामपूर. पण कराडहून इस्लामपूरला जायला एसटी आहे, वडाप आहे, अगदीच काही नाही तर ओळखीचा कुणीतरी निघालेला असतो. मेसनहून ऑफिसच्या वेळेच्या मोजक्या एक्स्प्रेस बस सोडल्या तर स्वतःची गाडी हवी. गाडी म्हटली की लायसन्स, विमा, पेट्रोल आणि बर्फात चालवायची सवय आली. सकाळी इंटरस्टेट ७१ तुंबला की वीसची पंचेचाळीस मिनिटं होतात. गाडी नसेल तर ही मुलगी रोज सकाळी दादाबरोबर निघणार आणि त्याच्या सोयीने परतणार. संध्याकाळी साडेसहाचं लेक्चर, लायब्ररी, मैत्रिणींबरोबरचा चहा, सगळं त्याच्या वेळापत्रकात बसवायचं. कराडच्या घरातसुद्धा ती एवढी बांधलेली नसेल.

मध्यम आकाराच्या अमेरिकन शहराबद्दल हे आधी समजून घ्यावं लागतं. सिनसिनाटीची वस्ती २०२० च्या जनगणनेत ३ लाख ९ हजारांच्या आसपास होती, आपल्या सांगली-मिरजेहूनही कमी, पण उपनगरं दूरवर पसरलेली. गंमत म्हणजे या शहराच्या पोटात मेट्रोचे बोगदे आहेत. १९२० मध्ये काम सुरू झालं, पैसे संपले, आणि आजवर त्यातून प्रवासी घेऊन एकही गाडी धावलेली नाही. २०१६ पासून ट्राम आहे, ती फुकटही आहे, पण ती डाउनटाउनच्या आसपासच घिरट्या घालते, विद्यापीठाच्या टेकडीवर चढत नाही. शिकागोला जाणारी रेल्वे आठवड्यातून तीनदा, तीही मध्यरात्रीनंतर. म्हणून अशा शहरात 'कुणाकडे राहायचं' यापेक्षा 'कुठे राहायचं' हा प्रश्न मोठा. कॅम्पसला लागून क्लिफ्टन आहे. तिथे मुलं खोल्या वाटून घेऊन राहतात, पायी वर्गात जातात, सिटी बस मिळते. भाडं पडेल, मान्य. पण मेसनचं 'फुकट' गाडीच्या खर्चात कुठल्या कुठे जाईल.

तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज मात्र इंजिनांच्या कंपनीबद्दल आहे. जीई एअरोस्पेसचं मुख्यालय सिनसिनाटीला खेटून एव्हनडेलला आहे, हे बरोबर. पण विमान-इंजिनांच्या कामाचा मोठा भाग, विशेषतः लष्करी, अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण कायद्यांखाली येतो. ते तंत्रज्ञान परदेशी नागरिकाला नुसतं दाखवायचं तरी परवाना लागू शकतो. म्हणून अशा नोकऱ्यांच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात अट असते : अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. आपली मुलं जाहिरातीचा वरचा भाग वाचून दोनशे अर्ज टाकतात आणि उत्तर का येत नाही म्हणून खचतात. विद्यापीठाजवळ कारखाना असणं आणि तो तुमच्या मुलीला उघडा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दिव्याखाली अंधार बघा : तुमच्या पुतण्याच्याच मेसनमध्ये माकिनो या जपानी मशीन-टूल (धातू कापून भाग घडवणारी यंत्रं) कंपनीचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय आहे. सिनसिनाटी हे जुनं मशीन-टूलचं गाव. नदी ओलांडून दक्षिणेला तासा-सव्वातासावर, शेजारच्या केंटकी राज्यातल्या जॉर्जटाऊनला टोयोटाचा प्रचंड कारखाना आहे. या जगात फिक्स्चर कशाशी खातात हे ज्याला ठाऊक आहे त्याची किंमत होते. परदेशी मुलांना कोण घेतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं तपासावं लागेल, पण मुलाखतीत तिला बोलायला काहीतरी असेल.

म्हणजे 'अजून एक वर्ष थांबते' हा तुम्हाला हट्ट वाटतोय, मला तो व्यवहार वाटतो. दोन वर्षांचा अनुभव १४ महिन्यांपेक्षा वजनदार दिसतो. प्रवेश पुढच्या सत्रावर किंवा वर्षावर ढकलता येतो का, हे विभागाला एका ईमेलने विचारता येईल. तो ईमेल तिने लिहावा, तुम्ही नाही.

टोफेल, आय-ट्वेंटी, सेविस शुल्क या परीक्षेच्या आणि व्हिसाच्या कागदपत्रांच्या गोष्टी तिच्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त कळतात, त्यात मी शिरत नाही. कर्जाचं मात्र बोलायलाच हवं. ४० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता महिना ५४ हजारांच्या आसपास बसतो. शिक्षण संपल्यावर इंजिनिअरिंगच्या मुलांना १२ अधिक २४ महिने कामाची मुभा मिळते, पण पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. नंतरच्या खुलाशात तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार (स्टेटस) बदलणाऱ्यांना वगळलं असलं, तरी नियम किती पटकन फिरतात हे त्यातून दिसलं. ती सहा महिने रिकामी बसली तर हप्ता कुठून भरणार, हे कागदावर मांडा. तिला समोर बसवून मांडा. आणि घर तारण ठेवताय हे तिच्या आईला माहीत आहे ना? तुमच्या पत्रात आईचा उल्लेखच नाही.

तिची समजूत कशी काढावी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुढचं पत्र तिचं येऊ द्या. एमएस करायचंय का, डिझाइनच करायचंय की आणखी काही, हे तिने सांगितलं तर मी तिला विषय, प्राध्यापक, लॅब असं नीट सांगू शकेन.

पुतण्याला तोडायचं नाही, त्याची मदत जरूर घ्या. ती जाईल तेव्हा त्याला विमानतळावर यायला सांगा. सिनसिनाटीचा विमानतळ नदीपलीकडे, चक्क दुसऱ्या राज्यात आहे, नवख्या मुलीला रात्री उतरून गोंधळायला होतं. पहिले चार दिवस ती त्यांच्याकडे राहू दे, पोरांशी खेळू दे. पाचव्या दिवशी त्याने तिच्या बॅगा क्लिफ्टनला सोडून याव्यात, म्हणावं.