दहा महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर निवडताना नेमकं काय बघावं?

मुलगी 10 महिन्यांची, तुम्हाला लवकरच कामावर रुजू व्हायचंय आणि दोन पाळणाघरांत मन अडकलंय: एक चकचकीत, मोबाइलवर कॅमेरा दाखवणारं, तर दुसरं लहानसं, साधं. माझी दोन्ही मुलं पाळणाघरात राहिलेली आहेत, त्या अनुभवावरून सांगते.

सगळ्यात आधी विचारा, मुलीला दिवसभर सांभाळणाऱ्या ताई कोण आणि त्या तिथे किती काळापासून आहेत? चौकशीला गेलं की बोलतात त्या संचालिका. भरवणारी, झोपवणारी, शी-शू काढणारी वेगळीच असते. तिला भेटल्याशिवाय पैसे भरू नका. या वयात बाळाला रोज तोच चेहरा, तोच हात लागतो. ताई दर दोन-तीन महिन्यांनी बदलत असतील, तर बाकी कितीही झकपक असो, मी तिथून काढता पाय घेईन.

मग एकेका ताईंकडे किती बाळं आहेत ते मोजा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार वर्षाच्या आतल्या 3 बाळांमागे एक मोठं माणूस हवं. इतकं सगळीकडे जमत नाही, पण एकीवर सात-आठ तान्ही असतील तर स्पष्ट नाही म्हणा. आणि एक ताई जेवायला गेल्या की मुलांकडे कोण बघतं, हेही विचाराच.

जायचं ते जेवणाच्या नाहीतर संध्याकाळच्या वेळी, सगळे दमलेले असताना. एका ठिकाणी मी लंगोट बदलताना पाहिलं. ताई बाळाशी बोलत होत्या, "आता पाय वर हं, झालंच." घाण लंगोट झाकणाच्या डब्यात टाकला, बाळाचे हात धुतले, स्वतःचे साबणाने धुतले आणि मगच दुसऱ्याला उचललं. माझं तिथेच ठरलं. दुसरीकडे खोलीभर मुलं आणि चिडीचूप शांतता. सगळी टीव्हीपुढे बसवलेली.

झोपेबद्दल खोदून विचारा. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवरच झोपवायचं. उशी, पांघरूण, मऊ खेळणी जवळ नकोत. "पोटावर टाकलं की पटकन झोपतं" असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर तिथे ठेवू नका. ताप आल्यावरचे नियम आणि मुलीला न्यायला कोण येऊ शकतं, हे लेखी घ्या. सर्दी-खोकला मात्र धरूनच चाला, पहिल्या दोन वर्षांत मुलांना 8-10 वेळा होतोच.

कॅमेरा असला तर असू दे. त्यात ताईंचा आवाज चढलाय का ते कळत नाही, आणि तुमचं कामातलं लक्ष उडतं ते वेगळंच.

मुलगी दारात रडेल. विरहाची भीती ऐन याच वयात वाढते, त्यावरून पाळणाघराला नावं ठेवू नका. तुम्ही गेल्यावर ती किती वेळात शांत होते ते विचारत राहा. सुरुवातीला तासाभरासाठीच ठेवा, लपून निघून जाऊ नका. मात्र "पालकांनी आत यायचं नाही" असा नियम असेल, तर तो कितीही शिस्तीचा वाटला तरी मला चालणार नाही.

आता दोन्हीकडे एकदा न कळवता जाऊन या. उत्तरं सारखीच मिळाली, तर जिथे तुम्ही किंवा घरातलं कुणी लवकर पोहोचू शकेल ते घ्या. "ताप आलाय, घेऊन जा" असा फोन येतोच.