‘वय झालं, दम लागणारच’ असं कोणी सांगितलं?

साठीपुढच्या माणसांना लागणाऱ्या दमाबद्दल सतत विचारणा होते आणि गोंधळ बहुतेक तोच असतो. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतो.

वय ६८. एक जिना चढला की धाप लागते. वयामुळेच ना?

नाही. वयाने चाल मंदावते. गेल्या दिवाळीत सहज चढलेला जिना यंदा चढवत नसेल, तर कारण शोधायला हवं.

ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९७ दिसतो. मग काळजी नाही ना?

आहे. हिमोग्लोबिन ७ इतकं कमी असलं तरी ९७ दिसू शकतं. हृदयाचा आजारही त्यात कळत नाही.

आईने कधी विडी-सिगारेट ओढली नाही, तरी सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) सांगितलाय. पंपाची (इनहेलरची) सवय लागते म्हणून शेजारी घाबरवतात.

चुलीपुढे किती वर्षं गेली, ते आईला विचारा. लाकूड-गोवऱ्यांच्या धुराने फुप्फुसं तशीच खराब होतात. फुंकून करायची स्पायरोमेट्री झाली नसेल तर करून घ्या, निदान पक्कं होईल. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. तो ओढायचा कसा, हे डॉक्टरांसमोर करून दाखवा. निम्मे लोक चुकतात असा माझा अनुभव आहे.

वडील ७२, मधुमेही. रात्री गुदमरून उठतात, उशाला तीन उशा लागतात, पायांवर सूज आहे. ओवा-सोडा घेतला की ढेकर येऊन बरं वाटतं. पाडव्यानंतर दाखवलं तर चालेल?

चालणार नाही. उद्या दाखवा. अशी माणसं दोन-तीन महिने गॅसच्या गोळ्या खाऊन माझ्याकडे येतात, याचा मला फार त्रास होतो. आडवं झालं की पायांत साचलेलं पाणी रक्तात परततं. दुबळ्या हृदयाला तो भार पुढे ढकलता येत नाही आणि पाणी फुप्फुसांत उतरतं. उठून बसल्यावर ते ओसरतं. श्रेय मात्र ओव्याला मिळतं. मधुमेहात हार्ट अटॅकही छातीत न दुखता येऊन जातो, नुसता दम आणि घाम. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) एवढ्याने बरंच उलगडतं. गुडघेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सोबत न्या. त्यातल्या अनेक गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात. आज रात्रीच दम वाढला, बसूनही वाक्य पुरं होईना, ओठ निळसर झाले किंवा छातीवर दडपण आलं, तर १०८ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

हिमोग्लोबिन ८ आहे. बीट आणि टॉनिक पुरेल?

आधी रक्त कुठे जातंय ते पाहा. या वयात पेनकिलरने झालेला अल्सर किंवा आतड्याचा कर्करोगही निघतो. शौच काळी होत असेल तर लगेच दाखवा.

कुरिअरने मागवलेल्या दम्याच्या ‘जडीबुटी’ चूर्णाने आठ दिवसांत फरक पडला. चालू ठेवू?

इतका झटपट फरक पडला की मला स्टेरॉइडची शंका येते. पुडीवर घटक लिहिलेले नसतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, आणि विकणारा फोन उचलत नाही. पण बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे. पुडी घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.