आधी शॅमचे उंदीर धर

प्रिय मुली,

तुझा मेसेज मिळाला. मेंदू इम्युनिटीवर कसा कंट्रोल ठेवतो यावर काम करायचंय आणि त्यासाठी ऑप्टोजेनेटिक्स (न्यूरॉनमध्ये जीन घालून ते लाइटने चालू-बंद करायचं टूल) शिकायचंय, छानच, पण जरा दम धर. या फील्डची खरी डोकेदुखी ही की ज्या टूलने तू इम्युनिटी बघणार ते टूलच आधी इम्युनिटीला डिवचून बसतं.

म्हणजे बघ, कवटीला भोक पाडून लाइट नेणारा फायबर आत घालणार, तिथे जखम होणार, आजूबाजूचे मायक्रोग्लिया (मेंदूतल्या इम्युन सेल्स) खवळणार, शिवाय जीन पोचवायला व्हायरस टोचणार ते वेगळंच. नुसतं न्यूरॉन मोजायचं असतं तर एकवेळ चाललं असतं गं, पण आपण तर सूजच मोजतोय! म्हणून ऑपरेशननंतर काही आठवडे जाऊ द्यायचे, आणि तेच ऑपरेशन, तोच लाइट, व्हायरसही तोच पण त्यात लाइटने उघडणारा चॅनल नाही नुसतं चमकणारं प्रोटीन, असा ग्रुप ठेवायचाच ठेवायचा, हेच आपले शॅमचे उंदीर.

मला विचारशील तर तुझ्या प्रश्नाला ड्रेड जास्त सोयीचं, म्हणजे न्यूरॉनमध्ये बनवलेला रिसेप्टर घालायचा आणि लाइटऐवजी औषधाने तो चालू करायचा. इम्युन सेल्सचा रिस्पॉन्स तासांत-दिवसांत दिसतो, तिथे मिलिसेकंदाचा कंट्रोल घेऊन काय करणारेस? फक्त सीएनओवर, म्हणजे ड्रेड चालू करायच्या त्या औषधावर, डोळे मिटून विश्वास टाकू नकोस, त्याचं शरीरात क्लोझापिन (मानसिक आजारावरचं औषध) होतं आणि मेंदूत काम तेच करतं हे 2017 मध्येच दाखवलंय, त्यामुळे ड्रेड नसलेल्या उंदरांनाही तोच डोस दे. इस्रायलमधल्या आस्या रोल्स यांच्या ग्रुपचं 2021 चं काम वाच, आतड्याला सूज असताना इन्सुला या मेंदूच्या भागातले जे न्यूरॉन ॲक्टिव्ह झाले नेमके तेच पकडून ठेवले आणि उंदीर बरे झाल्यावर ड्रेडने पुन्हा चालू केले तर आतड्यात परत सूज! वाचताना रिझल्टपेक्षा कंट्रोल ग्रुप जास्त बघ.

आणि जुनं म्हणून सोडू नकोस हं. केव्हिन ट्रेसी यांच्या ग्रुपने 2000 मध्ये एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियातलं सूज आणणारं विष) दिलेल्या रॅटमध्ये मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला करंट दिला आणि रक्तातलं टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रोटीन खाली आलं, लेसर नाही फायबर नाही, एक नर्व्ह आणि इलेक्ट्रोड.

आता जे पेपरात कुणी नीट लिहीत नाही ते. उंदीर घाबरून धडपडला की काही मिनिटांत कॉर्टिकोस्टेरॉन हे स्ट्रेसचं हार्मोन चढतं आणि ते स्वतःच सूज दाबतं, मग तुझं टूल चाललं का तुझा हात, कसं कळणार? रोज हाताळून त्यांना सवय लाव. वेळही पाळ, हे हार्मोन दिवसभरात वरखाली होत असतं, जुलैत कुर्ल्याला पाणी भरलं आणि सकाळी दहाचं सॅम्पल तू दुपारी चारला घेतलंस तर तो डेटा बाकीच्यांत मिसळायचा नाही, नोटबुकात वेळ लिहून बाजूला ठेवायचा. (पावसाळ्यात आदल्या रात्री लॅबजवळ मैत्रिणीकडे राहा, सगळे तेच करतात.)

एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना आधी शॅमचे उंदीर मोज, मग बाकीचे, उलटं केलंस की शॅमवाले नेहमी कमी पडतात. ड्राफ्ट झाला की पाठव, शनिवारी बघते.

तुझी,
मॅडम